माप उभ्यानं घेतात

मंगळवार, ४ मार्च
दुपारी, दुकानातून

टिल्लू,

आशीर्वाद. हा शब्द सवयीनं पडला आहे, त्यावर जाऊ नकोस. आईची तब्येत आहे तशीच आहे, माझी बरी आहे, तुझी बरी असणारच. झाली विचारपूस. आता एका जागी बसून वाच आणि मध्येच चहा टाकायला उठू नकोस. कुणी चार शब्द सुनावायला लागलं की तुला नेमकी तहान लागते, हे मी तुझ्या लहानपणापासून बघत आले आहे.

आधी कामाचं. तीस तारखेला संध्याकाळी सहाच्या गाडीनं मी इथून जाते आहे, दोन वर्षांसाठी. ज्या मोठ्या रुग्णालयानं मला यापूर्वी दोनदा बोलावलं होतं, त्यांनी तिसऱ्यांदा बोलावलं. वाकड्या पावलांच्या, एक पाय आखूड असलेल्या मुलांचे बूट आता तिथेच बनवायचे आहेत आणि त्यासाठी सहा जणांना हे काम शिकवायचं आहे. शिकवणार मी. दोनदा नाही म्हटलं होतं, या वेळी हो म्हटलं आणि सही करून कागद पाठवूनही दिला. आईला नेता येणार नाही. तिथे मला एकच खोली आहे, तीही तिसऱ्या मजल्यावर, आणि डावी बाजू लुळी पडलेल्या आईला तिथवर चढवणं शक्य नाही. तेव्हा तू तीस तारखेला इथे यायचं आणि दोन वर्षं आईजवळ राहायचं. तुझ्यामागे बायको नाही, पोर नाही. तू शाळाशाळांतून गोष्टी सांगत फिरतोस. शाळा इथेही आहेत. विचारत नाही, सांगते आहे.

हे सगळं मी गोडीगुलाबीनं लिहिणार होते. परवा लिहिलंही होतं, त्यात ‘तुला जमेल का’, ‘अडचण नसेल तर’ असलं काहीबाही होतं. काल तुझं पुस्तक आलं आणि मी ते पत्र फाडलं.

छान आहे हो पुस्तक. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर अनवाणी पळणारा राजपुत्र, त्याच्यामागे हातात बूट घेऊन धावणारी बहीण. मागच्या बाजूला छापलंय, ‘मोठं होण्याची आणि जबाबदारी ओळखण्याची गोड गोष्ट.’ आणि आत पहिल्याच पानावर, ‘आईसाठी. ही गोष्ट तिनं मला रोज संध्याकाळी सांगितली.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

रोज संध्याकाळी? आई रोज संध्याकाळी कुठे असायची रे? बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, मी अकराची. आई आठ वाजेपर्यंत इथे, या मागच्या खोलीत, शिवणयंत्रावर बुटांची वरची कातडी शिवत बसायची. घरी मी असायची. तुला दूध-पाव मी भरवायची, तुझे कान मी धुवायची, आणि गोष्ट मी सांगायची. मीच ती रचली होती, आणि का रचली तेही ऐक, कारण ते तुझ्या पुस्तकात कुठे दिसलं नाही.

बाबांनी जायच्या आधी आपल्या दोघांसाठी एकेक जोड बनवून ठेवला होता. तो दारात ठेवलेला असायचा. तू तो घालेनास. बाबा येऊन नाड्या बांधतील तेव्हाच घालेन, म्हणायचास. आठ दिवस तू अनवाणी शाळेत गेलास. आई रडून थकली, शेजारीण समजावून थकली. मग मी एका संध्याकाळी गोष्ट जुळवली. एका राजवाड्यात भाऊ-बहीण राहतात. दर वाढदिवसाला दोघांच्या दारात नवे बूट येऊन बसतात. ते पायात घातले की माणूस एका वर्षानं मोठं होतं. राजपुत्र म्हणतो, मी नाही घालत, मला आहे तसंच बरं. पण बूट दिवस मावळेपर्यंत रिकामे राहिले की राजवाड्याची एक भिंत पडते. मग बहीण काय करते? सकाळी आपले घालते, संध्याकाळी त्याचे. दर वर्षी दोन वर्षांनी मोठी होते. तो सहाचा सहाच आणि ही बघता बघता पिकल्या केसांची. राजवाडा मात्र उभा.

भीती घालायला रचली होती मी ती. मला वाटलं, बहीण म्हातारी होणार म्हटल्यावर तू रडशील आणि मुकाट्यानं बूट घालशील. तू काय म्हणालास, आठवतं? तू टाळ्या पिटल्यास आणि म्हणालास, “मग ताई, तूच घाल की!”

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सांग, म्हणून मागे लागलास. वर्षभर.

नवव्या पानापर्यंत मी वाचलं. तिथे राजपुत्र झाडावर बसून बहिणीला हात हलवतो आणि बहीण खालून हसते. ती का हसते आहे रे? तू कधी तिला हसताना बघितलंस? मी पुस्तक कातड्यांच्या ढिगावर भिरकावून दिलं. मुलांना जबाबदारीचे धडे देतोस! आई पडून पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत तू चार दिवसांच्या वर इथे राहिला नाहीस. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “टिल्लूला सवड नसते हो.” बेचाळिसाव्या वर्षीही तू टिल्लूच, आणि तुला सवड नसतेच.

तीस तारीख. लिहून ठेव कुठेतरी.

ताई


शुक्रवार, १४ मार्च

टिल्लू,

तुझं उत्तर मिळालं. चार पानं! बोलताना तुला दोन वाक्यं सुचत नाहीत आणि लिहायला बसलास की पूर येतो.

महिनाअखेरीपर्यंत तुझे कार्यक्रम ठरलेले आहेत, हे कळलं. ‘दिवसभराची एखादी चांगली बाई’ ठेवता येईल, हेही कळलं. सकाळी येणाऱ्या बाई आहेतच, त्या अकराला जातात. त्यानंतर आईला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर कोण वळवतं, असं तुला वाटतं? दुकानाला मी दुपारी दोनदा कुलूप लावते, धावत घरी जाते, तिला वळवते, पाणी पाजते, पाठ पुसते, धावत परत येते. बाकावर माप द्यायला आलेली माणसं खोळंबलेली असतात. पाच वर्षं एका पायाचा बूट हातात आणि दुसऱ्याचं माप डोक्यात घेऊन मी त्या रस्त्यानं पळते आहे. कोपऱ्यावरचा न्हावी मला बघून घड्याळ लावतो, म्हणतो. आणि तू लिहितोस, ‘काहीतरी मार्ग निघेलच.’ मार्ग निघत नसतो, कुणीतरी तो काढतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आजवर मीच.

पुस्तकाबद्दल तू लिहिलंयस, ‘आईला आनंद व्हावा म्हणून तसं लिहिलं, तू मनावर घेशील असं वाटलं नाही.’ का नाही वाटलं? मला मन नाही की मला नाव छापून घ्यायचा हक्क नाही?

आईला आनंद झाला, ते मात्र खरं. सकाळच्या बाई घराची किल्ली द्यायला दुकानात आल्या, त्यांनी ते पुस्तक ढिगावरून उचललं, पुसलं, घरी नेलं आणि तिला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. आता ते तिच्या उशाखाली असतं. परवा डॉक्टर आले, तर त्यांना दाखवत म्हणाली, “ही गोष्ट मीच सांगायचे त्याला. रोज. त्याशिवाय झोपायचा नाही.” डॉक्टरही म्हणाले, “वा, आजी!”

मी तिथेच उभी होते, हातात तपासणीचा कागद घेऊन. डॉक्टर गेल्यावर माझा तोल सुटला. पायांशी बसले आणि म्हटलं, “आई, तू नाही सांगितलीस ती गोष्ट. तू दुकानात असायचीस. मी सांगितली.”

ती खोटं बोलत नव्हती, टिल्लू. तिला खरंच तसं आठवतं आहे. मग म्हणाली, “असेल बाई. कुणी का सांगेना, पोर झोपलं ना?”

“मीसुद्धा पोरच होते.”

तर ती काय म्हणाली, सांगू? अगदी साधेपणानं, काहीतरी हरवलेलं शोधावं तशी म्हणाली, “तू कधी लहान होतीस गं? मला तर आठवतच नाही.”

मी उठले आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले वगैरे नाही. राग आला होता. तिच्यावर, तुझ्यावर, आणि त्या अकरा वर्षांच्या शहाण्या पोरीवर, जिनं ती गोष्ट रचली. तिला एवढंही सुचू नये की बहिणीनं दुसरा जोड घालायला नकार द्यावा? एक भिंत पडली असती तर पडली असती. राजवाड्याला भिंती चिकार असतात.

तुझ्या चौथ्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ आहे. ‘ताई, मी एकदा बॅग घेऊन आलो होतो, तुला आठवत असेल.’

त्यावर मी आत्ता काही लिहिणार नाही. यंत्राला तेल घालायचं राहिलंय आणि एका मुलीचा डावा बूट उद्या द्यायचा आहे.

तीस तारीख बदललेली नाही.

ताई


सोमवार, २४ मार्च
दुकान, बाकावर बसून

टिल्लू,

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघत नाही. हे पत्र तुला वेळेत मिळावं म्हणून आजच टपालात टाकते.

दुकान आवरते आहे. पावलांचे लाकडी साचे खोक्यांत भरले, ते सगळे रुग्णालयात जाणार. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर तुझे निघाले, सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतचे, खडूनं वर्षं घातलेले. बाबांच्या हातचा एक, काकांच्या हातचे काही (बाबांच्या माघारी त्यांनीच मला हे काम शिकवलं, आठवतात ना?), आणि मी सोळाची झाल्यापासूनचे सगळे माझ्या हातचे. पण काकांच्या वेळीही तुझं माप घेऊन द्यायची ती मीच.

काल त्या सहा जणांसाठी पहिला धडा लिहायला बसले. पहिला धडा कसला, बाकासमोरच्या भिंतीवर बाबांच्या अक्षरातली पाटी आहे, तीच उतरवायची. ‘माप उभ्यानं. दुपारनंतर. दोन्ही पावलांवर सारखा भार.’ त्याखाली कारण लिहायचं होतं. बसलेल्या किंवा निजलेल्या माणसाचं पाऊल अरुंद भरतं. तो उभा राहिला, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, लांब होतं. खरं पाऊल ते. भाराशिवाय घेतलेल्या मापाचा बूट दिसायला देखणा होतो आणि पायाला चावतो. एवढं लिहिलं आणि माझी पेन्सिल थांबली.

तुझं माप मी कधी उभ्यानं घेतलंच नाही.

तू जागा असलास की चुळबुळ करायचास, गुदगुल्या होतात म्हणून ओरडायचास. मला शाळा, दुकान, घर, सगळं उरकायचं असायचं. म्हणून मी पहाटे, तू झोपेत असताना पांघरूण बाजूला करून पावलाखाली पुठ्ठा धरायची आणि पेन्सिल फिरवायची. दर वर्षी. गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी असं कधी केलं नसतं, हात कापून घेतला असता. तुझ्या बाबतीत बारा वर्षांत एकदाही मनात आलं नाही की याला उभं करावं. साचे मांडून बघितले. बाबांच्या हातचा एकच रुंद आहे. माझ्या मापाचे सगळे निमुळते.

तू म्हणायचास, “ताई, चावतात.” मी म्हणायची, “नखरे पुरे.” तू बूट काढून हातात घेऊन चालायचास. सगळी गल्ली म्हणायची, पोरगं लाडावलंय. मीही म्हणायची. मीच आधी म्हणायची.

म्हणून काल तुझं पुस्तक पुन्हा हातात घेतलं. आईच्या उशाखालून काढलं, ती झोपली होती. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. एकविसाव्या पानावर राजपुत्र झाडावरून उतरतो. आपल्या पायांनी दाराशी येतो आणि म्हणतो, या वर्षीचे मी घालतो. बहिणीच्या पायात ते आधीच असतात. ती म्हणते, “झालं माझं घालून. तू जा, खेळ.” आणि पुढच्या पानावर चित्रात नुसतं बंद दार आहे.

हे मी गोष्टीत कधी सांगितलं नव्हतं. हे तू घातलंस. तेव्हा आता त्या बॅगेबद्दल लिहायला हवं.

पाच वर्षांपूर्वी आई पडली. ती रुग्णालयात होती तेव्हा तू आलास. चार दिवसांसाठी नव्हे. मोठी तपकिरी बॅग होती, तिच्या पट्ट्याला दोरी बांधलेली. तू या दुकानाच्या दारात उभा राहून म्हणालास, “ताई, तुला त्या लोकांनी बोलावलंय ना, तू जा. आईचं मी बघतो. मी राहायलाच आलोय.” मी बाकावरून उठलेसुद्धा नाही. म्हटलं, “तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तू आईचं काय बघणार? जा, तुझी कामं कर. मी आहे.” आणखीही बोलले, ते लिहीत नाही. तू तासभरही थांबला नाहीस. आईला भेटलास, पण तिच्यापाशी अवाक्षर काढलं नाहीस. आणि आई घरी आल्यावर तिनं विचारलं, “टिल्लू राहील का गं चार दिवस?” तेव्हा मी म्हटलं, “त्याला सवड नाही.”

ते वाक्य माझं होतं. ती पाच वर्षं ते सगळ्यांना सांगते आहे आणि पाच वर्षं मी शेजारी उभी राहून ऐकते आहे. लोक मला म्हणतात, तुम्ही आहात म्हणून. ते ऐकायला बरं वाटायचं, टिल्लू. फार बरं वाटायचं. तू राहिला असतास तर कुणी म्हटलं नसतं.

आज सकाळी आईला हे सगळं सांगितलं, बॅगेच्या दोरीसकट. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझ्या हातचा चहा घेतला नाही, बाईंच्या हातचा घेतला. दुपारी मी तिला वळवायला गेले तेव्हा एवढंच म्हणाली, “मला विचारायचं होतंस. आई मी होते ना, तुम्हा दोघांची?” बोलताना शब्द घसरतात तिचे, पण राग नीट कळला. मग वळवून झाल्यावर म्हणाली, “त्याला लिही. येताना मोठी बॅग आण म्हणावं.”

आता तुला वाटत असेल, ताई नरमली. तसलं काही मनात आणू नकोस. माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. मी एकदा ‘जा’ म्हटलं आणि तू गेलास? बॅग उचलून, पाठ फिरवून? बाप्या माणूस होतास तू, सदतीस वर्षांचा! बॅग दुकानात आदळून म्हणायचं होतंस, नाही जात जा, आई माझीही आहे. भांडायचं होतंस. मला बाकावरून ओढून उठवायचं होतंस. ते न करता तू झाडावर जाऊन बसलास आणि गोष्ट लिहिलीस, चित्रं घातलीस आणि वर आईचं नाव टाकलंस. दार मी लावलं, कबूल. पण त्याला कडी नव्हती, टिल्लू. तू ते एकदाही ढकललं नाहीस. या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच संताप येतो आणि कुठला आधी गिळावा ते कळत नाही.

आता तीस तारखेचं. बारापर्यंत पोहोच. आईची औषधं तीन डब्यांत आहेत, झाकणांवर चित्रं काढून ठेवली आहेत, तुला चित्रंच कळतात. तिला वळवताना आधी उशी, मग खांदा, मग कंबर. तू चुकशील. पहिले आठ दिवस ती ओरडेल, तू घाबरशील, मला फोन करशील. मी उचलणार नाही. म्हणजे मोह होईल, पण उचलणार नाही. तू चुकत चुकत शीक. मीही अकराव्या वर्षी चुकतच शिकले.

चार वाजता दुकानात ये. सगळं खोक्यांत गेलेलं असेल, बाक आणि एक कोरा पुठ्ठा तेवढा मागे ठेवते आहे. मोजे काढून, दोन्ही पावलं टेकवून, सगळा भार टाकून सरळ उभं राहायचं. गुदगुल्या झाल्या तरी हलायचं नाही. माप घेईन, तिकडे जाऊन पहिला जोड तुझाच बनवेन आणि पाठवीन. तो चावला तर मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन. चावला नाही तर काढून हातात घ्यायचा नाही.

तू नाही आलास तरी सहाची गाडी मी चुकवणार नाही. शेजारणीला सांगून ठेवलं आहे, सकाळच्या बाई दोन दिवस मुक्कामाला थांबणार आहेत. तिसऱ्या दिवशी आई एकटी असेल आणि तिला माहीत असेल की तुला बोलावलं होतं. या वेळी तुझ्या वतीनं मी काहीही सांगणार नाही.

कळावे, असं लिहिण्याची पद्धत आहे. कळलंच पाहिजे, असं लिहिते.

तुझी ताई
वय वर्षे अठ्ठेचाळीस. त्याहून एक दिवसही जास्त नाही.